कुंदाची शाबासकी

परवा अनयाने फोनवर सांगितलं, की यंदाच्या उन्हाळ्यात ती आफ्रिकेला जाणार आहे. तिथे तरुण मुलींना एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून एक संशोधन चालू आहे, त्यात तिला मदतनीस म्हणून घेतलं आहे. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "आजी, इट्स कॉम्प्लिकेटेड. तू बोअर होशील." मागून निषाद ओरडला, "आजीला सेक्सबद्दल सांगू नकोस!" आणि तुम्ही दोघं हसत सुटलात.

मी तेव्हा फोन ठेवून दिला. पण पोरांनो, अशाच कामाच्या एका कार्यालयात तुमच्या आजीने काही वर्षं बसून इंग्रजी दुरुस्त केलेलं आहे, आणि तेही कुंदा वानखडेच्या शेजारच्या टेबलावर. अनया, तुला तिने मांडीवर घेतलेलं आहे. तुला ते आठवणं शक्य नाही, म्हणून लिहिते. तुम्हांला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा वाक्यं लहान ठेवते. अडलं तर बाबाला विचारा. आता मोठे झाला आहात, तेव्हा मोकळेपणानेच लिहिते.

दोन हजार एक साली आजोबा आणि मी तुमच्या बाबाकडे न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला राहायला आलो. पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते. घरात नुसतं बसवेना. जवळच्या एका संशोधन संस्थेला अर्धवेळ संपादक हवी होती, शास्त्रज्ञांचं इंग्रजी माणसांच्या इंग्रजीत आणणारी. मुलाखतीला गेले तर समोर पन्नाशीच्या आतबाहेरची एक बुटकी, सावळी बाई डबा उघडून बसलेली. तीच कुंदा. तिने माझ्यापुढे एक कागद सरकवला. संशोधनात भाग घेणाऱ्या मुलींना तो वाचून दाखवायचा होता.

"वाचा. मोठ्यानं. मी जेवतो तोवर."

वऱ्हाडात बायकाही ‘मी जेवतो’, ‘मी जातो’ म्हणतात, हे मला माहीत होतं. पण न्यू जर्सीत, गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या डॉक्टरीणबाईच्या तोंडून ते ऐकून मी दचकले. कॉलेजातल्या आवाजात वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदाला तिने डोकं टेबलावर टेकवलं आणि चक्क घोरू लागली. मी थांबले.

"इथं झोप लागली मले," ती डोळे न उघडता म्हणाली. "माह्या पोट्ट्यांलेही लागन. हे वाक्य तोडा."

मी तोडलं. तिने पुन्हा ऐकलं. पुन्हा घोरली. असं करत तो कागद संपला तेव्हा मला नोकरी लागलेली होती.

पोट्ट्या म्हणजे मुली. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला, बोत्स्वानाच्या सीमेजवळ एक गाव होतं, तिथल्या त्या मुली. मला तो शब्द आधी रांगडा वाटला. कार्यालयातले बाकीचे लोक त्यांना ‘सहभागी’ म्हणत. मुलींची नावं आमच्यापर्यंत येत नसत, फक्त क्रमांक येत. कुंदाने कधी क्रमांक उच्चारलेला मी ऐकला नाही. "ती गावाबाहेरून चालत येणारी पोट्टी" किंवा "ती जिची आजी फार खोकलते ती," असं ती म्हणायची.

काम काय होतं ते सांगते. त्या भागात कोवळ्या वयाच्या मुलींना एचआयव्हीची लागण होत होती, बहुतेक वेळा वयाने मोठ्या पुरुषांकडून. कंडोम वापरायचा तर पुरुषाने मान्य करायला हवं. तो करत नसे. म्हणून एक मलम तयार केलं होतं. प्लॅस्टिकच्या बारीक नळीत ते भरलेलं असे, आणि संबंधाआधी मुलीने स्वतः ते आत लावायचं. निम्म्या मुलींना औषधाचं मलम, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं मिळतंय हे मुलींनाही माहीत नसे आणि डॉक्टरांनाही. वापरलेल्या रिकाम्या नळ्या आणि न वापरलेल्या भरलेल्या नळ्या, दोन्ही दवाखान्यात परत आणून द्यायच्या. शेवटी मोजायचं, की औषधाच्या मलमाने किती मुली वाचल्या.

"नवऱ्याले विचारा लागणार नाही असं एक तरी औषध बायकांपाशी पाह्यजे," कुंदा म्हणायची. कार्यालयात ती हेच इंग्रजीत, सभ्य शब्दांत, तक्ते दाखवून सांगे. पण मूळ वाक्य हे होतं.

तिच्या गाडीत बसणं म्हणजे एक अनुभव असे. न्यू जर्सीत पुष्कळ ठिकाणी डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडच्या फाट्यावर जाऊन, गोल फिरून यावं लागतं, हे तुम्हांला ठाऊक आहे. नवीन माणूस त्याला शिव्या देतो. कुंदाला मात्र ती गोष्ट फार आवडायची. "डावीकडं जायचं तर आधी उजवीकडं जा. किती शहाणं राज्य आहे पाहा!" मुलींना प्रश्न विचारण्याची तिची रीतही तीच. आमच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न केसांचा होता. तुझ्या वेण्या कोण घालतं? किती वेळ लागतो? त्या वेळात कशाच्या गप्पा होतात? तिथून मैत्रिणी, मैत्रिणींकडून मित्र, मित्राने दिलेला मोबाइल, आणि मग कुठे ज्यासाठी बसलो आहोत तो प्रश्न. वरचे लोक म्हणाले, केसांचे प्रश्न काढून टाका, वेळ जातो. ती म्हणाली, "तुमच्या मुलीला थेट विचारून पाहा, मग काढते." प्रश्न राहिले.

माझ्यावर तिचा एक कायमचा टोमणा असे. मला ती ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणायची. "प्रोफेसरीणबाई, तुमचं इंग्रजी लय देखणं आहे. पण देखण्या बाईच्यानं दळण होत नाही." मी रागवायची, मग वाक्य तोडायची.

तिच्या घरच्यांबद्दल ती बोलत नसे. पिस्कॅटवेला एका लहान अपार्टमेंटात एकटी राहायची. तो विषय तिने काढला नाही, म्हणून मीही काढला नाही, आणि आता इथेही काढत नाही. एकदाच थोडं कळलं. शाळेच्या हॉलमध्ये आपल्या लोकांचा गणपती होता. कुंदाने मोठं पातेलं भरून प्रसादाचा शिरा आणला होता. आरती झाली, पानं वाढायला सुरुवात झाली, तेव्हा एक काकू तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "रागावू नका हं, पण तुम्ही त्या... आजारी लोकांना हात वगैरे लावता का हो? नाही, लहान मुलं आहेत ना इथे, म्हणून विचारते."

"हाव न," कुंदा सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "गळ्यात पडतात माह्या. अशा." आणि तिने त्या काकूंना जरीच्या साडीसकट घट्ट मिठी मारली. काकूंची पर्स खाली पडली. मंडळाची तरुण पोरं हसून गडाबडा लोळली. एक जण म्हणाला, "काकू, यार, आता तुम्ही पण क्वारंटीन!" काकूंनाही शेवटी हसावं लागलं, आणि शिरा संपला.

पण नंतर पार्किंगमध्ये पातेलं डिकीत ठेवताना ती म्हणाली, "यवतमाळले माह्या मावशीची सून गेली यानंच. नवरा ट्रकवर. गेल्यावर तिच्या सतरंज्या जाळल्या, तिची ताटवाटी वेशीबाहेर फेकली. त्याची नाही फेकली. तो जेवत होता त्याच ताटात." डिकी बंद करून ती पुढे म्हणाली, "तिच्या हाती काय होतं, सांगा बरं?"

आता तिच्या चेहऱ्याबद्दल लिहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कुंदाच्या चेहऱ्यावर मनातलं सगळं दिसायचं. आमच्याकडे रमी खेळायला आली की आजोबा तिच्याकडे न बघता म्हणायचे, "कुंदाला जोकर आला," आणि ते खरं असायचं. आनंद झाला की तो कानापर्यंत पोचायचा. वाईट वाटलं की सगळा चेहरा उतरायचा, एखाद्या लहान मुलासारखा.

वर्षातून काही वेळा ती तिकडे जायची. दवाखान्यात बसायची. नियम असा होता, की मुलीने नळ्या आणून दिल्या की भरलेल्या असोत की रिकाम्या, घेणाऱ्याने एकाच आवाजात ‘थँक्यू’ म्हणायचं. कौतुक नाही, नाराजी नाही. कुंदाला हे जमणं शक्यच नव्हतं. रिकाम्या नळ्यांची पिशवी आली की ती टाळी वाजवून म्हणायची, "शाब्बास!" मराठीतच. मुली तो शब्द शिकल्या. दवाखान्याच्या दारात येतानाच पिशवी उंच धरून "शाब्बास, म्मा, शाब्बास!" असं ओरडायच्या. म्मा म्हणजे त्यांच्या भाषेत बाई, आई, मोठ्या बाईला मानाने मारलेली हाक. आणि भरलेल्या नळ्या परत आल्या, तर ती रागवायची नाही. एक शब्द बोलायची नाही. फक्त तिचा चेहरा उतरायचा.

आमचा वरिष्ठ मायकेल हा भला माणूस होता. तो तिला सांगायचा, "कुंदा, चेहरा सांभाळ." ती मला येऊन म्हणायची, "मी काय बँकेच्या खिडकीत बसलो आहे? आयुष्यात कुणी शाबासकी दिली नाही त्या पोट्ट्यांले. मी देतो. बिघडलं कुठं?"

आणि आकडे उत्तम येत होते. इतर ठिकाणच्या संशोधनांत मुली मलम वापरत नाहीत अशी रड असायची. आमच्या मुली वापरत होत्या. रिकाम्या नळ्यांच्या पिशव्या भरभरून येत होत्या. दिल्लीहून, नैरोबीहून लोक कुंदाला विचारायचे, तुम्ही नेमकं करता तरी काय? आमचा निकाल लागला की आपापल्या देशात हे मलम आणावं की नाही, हे ते ठरवणार होते.

दोन हजार सहाच्या शरद ऋतूत न्यू जर्सीत एक मोठी बैठक भरली. गावातल्या तरुण मुलींची एक सल्लागार समिती होती, तिच्यातर्फे नालेदी नावाची मुलगी आली. विशीची असेल. आधी तिने संशोधनात भाग घेतला होता, मग समितीवर आली. उंच, हसरी, बोलकी. नकला करण्यात पटाईत. हॉटेलच्या खोलीत एकटीने झोपायची तिला भीती वाटली, म्हणून कुंदाने तिला घरी आणलं. शनिवारी दुपारी मला जेवायला बोलावलं.

मी गेले तेव्हा दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या. नालेदीला ज्वारीच्या पिठाचा डबा सापडला होता. "माबेले!" असं म्हणून ती नाचत होती. त्यांच्याकडेही ज्वारीच. कुंदा दर खेपेला तिकडून पीठ आणायची, कारण इंडियन स्टोअरमधलं पीठ जुनं असतं अशी तिची तक्रार होती. नालेदी सांगत होती, की आम्ही हे पीठ रात्रभर आंबवतो आणि लापशी करतो. कुंदा मला म्हणाली, "ऐकलं का प्रोफेसरीणबाई? आंबील! यांच्या घरी आंबील होते!" जणू हरवलेला नातेवाईक सापडला होता. मग ती भाकऱ्या थापू लागली आणि नालेदी शेजारच्या शेगडीवर लापशी घोटू लागली.

अशा घरगुती वेळी माणूस सैल होतं. नालेदी हसत हसत दवाखान्यातल्या गमती सांगू लागली. ती इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत लिहिते.

"म्मा, तुम्ही येणार असलात ना, की सकाळी दवाखान्यामागच्या नळावर आमची रांग लागायची. सगळ्याजणी नळ्या दाबून दाबून गटारात रिकाम्या करायच्या. मागच्या मुली ओरडायच्या, चला, आटपा, म्मा आल्या! म्मा, आमच्या गटाराला कधी म्हणून एड्स होणार नाही!"

मी कुंदाकडे पाहिलं. ती हसली. खरोखर हसली, मान मागे टाकून. तव्यावरची भाकरी मात्र तिने उलटली नाही.

"काय गं ह्या पोरी," ती म्हणाली. "आणि वापरत का नव्हत्या?"

"कुणाच्या मित्राला कळायचं, तो विचारायचा, हे ओलं काय आहे. कुणाची आजी नळ्या शोधून काढायची. कुणाला वाटायचं, त्यानेच आजार होईल."

"मग भरलेल्या आणायच्या. आम्ही काय रागावलो असतो?"

"रागावला असतात तर आणल्या असत्या!" नालेदी म्हणाली. "पण भरलेल्या आणल्या की तुम्ही अशा होता." आणि तिने पळी बाजूला ठेवून कुंदाची नक्कल केली. टाळीसाठी वर आलेले हात तसेच थांबले, भुवया खाली आल्या, ओठ लोंबले, सगळा चेहरा उतरला. इतकी हुबेहूब नक्कल होती, की मलाही हसू फुटलं. "आम्हांला कुणालाच ते बघवायचं नाही, म्मा. तुम्ही इतक्या लांबून येता."

भाकरी जळल्याचा वास आला. कुंदाने गॅस बारीक केला.

"तूसुद्धा?" तिने विचारलं.

"मीसुद्धा," नालेदी म्हणाली. "शाब्बास मिळायची ना."

"आणि तुझा तो मित्र? तो वापरतो काही?"

नालेदी लापशीत पळी फिरवू लागली. "तो म्हणतो, विश्वास नाही का तुझा माझ्यावर."

मग आम्ही जेवलो. कुंदाने तिला आग्रह करकरून वाढलं. ठेचा खाऊन नालेदीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ओरडली, "म्मा, हे मलम चालेल, हे लावलं तर कुठलाही पुरुष जवळ येणार नाही!" आम्ही तिघी पोट धरून हसलो. मी निघाले तेव्हा कुंदा गाडीपर्यंत आली.

"तिले काही बोलू नका," ती म्हणाली. "माह्या घरी जेवते आहे ती."

नालेदी परत गेली, आणि सोमवारी कुंदा मायकेलच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"स्वयंपाकघरातल्या गप्पा आहेत या, कुंदा. ही काही माहिती नव्हे. एक मुलगी गंमत करत असेल."

"ती गंमतच करत होती. म्हणूनच ते खरं आहे."

"तू हे वर कळवलंस तर संशोधन थांबेल. दवाखाना बंद होईल. त्या गावात दुसरा मोफत दवाखाना आहे का?"

"नाही."

"परिचारिकांच्या नोकऱ्या जातील. आणि त्या मुलीने विश्वासाने सांगितलंय तुला."

"माहीत आहे."

"मग?"

कुंदा उठून आपल्या टेबलाकडे आली. ती दोन्ही बाजूंनी कोंडली होती, हे तेव्हा मला कळलं. गप्प बसली तर निकाल लागणार, की मुलींनी मलम इमानाने वापरलं तरी ते निरुपयोगी ठरलं. मग ते चांगलं असो वा नसो, जगातून ते कायमचं जाणार. बोलली तर तिच्या पोट्ट्यांच्या डोक्यावरचं छप्पर ती स्वतःच्या हाताने काढणार.

त्या दिवसांत ती कार्यालयात यायची, डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. एकदा तिने मला विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" मग तीच म्हणाली, "इथं खोटं बोललो तर ते दुसऱ्या कुठल्या पोट्टीच्या अंगावर येईन. माह्या ओळखीची नाही म्हणून काय झालं?"

तिने अहवाल लिहिला आणि तपासायला माझ्याकडे दिला. पहिलंच वाक्य होतं, की रिकाम्या नळ्या आणणाऱ्या मुलींचं मी कौतुक करत असे आणि भरलेल्या आणणाऱ्यांसमोर नाराज होत असे. चूक माझ्यापासून सुरू झाली. ते कुठून कळलं, याच्यापुढे फक्त ‘एका खाजगी संभाषणातून’ असं होतं. मी म्हटलं, "कुंदा, हे पहिलं वाक्य खाली घेऊ या. थोडं सौम्य करू या." ती म्हणाली, "याले देखणं करू नका." मी काही बदललं नाही.

परत आलेली नळी वापरली गेली होती की नुसतीच रिकामी केली होती, हे तपासण्याची पद्धत असते. तशी तपासणी झाली. नालेदी खरं बोलली होती. संशोधन बंद झालं. सगळ्या मुलींची शेवटची रक्ततपासणी झाली. काहींना लागण झालेली निघाली. किती जणींना, ते कुंदाने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या मुलींना लांबच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. शेवटच्या तपासणीला नालेदी आली नाही. परिचारिका तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या. दवाखान्याला कुलूप लागलं. ते मलम चांगलं होतं की वाईट, हे त्या कामातून कुणालाच कधी कळलं नाही.

मग एका सकाळी नालेदीचा फोन आला. कुंदाचं टेबल माझ्या शेजारीच, त्यामुळे तिच्या बाजूचं मला ऐकू आलं.

"बोल गं बाळा... हो, ठाऊक आहे मला. कुलूप लागलं... हो." मग ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. "कुणी सांगितलं असं विचारतेस?"

ती काहीही सांगू शकली असती. तपासणीत निघालं म्हणाली असती तरी ते खोटं नव्हतं.

"मी सांगितलं," कुंदा म्हणाली. "तुझं नाव कुठेही नाही, नालेदी. तपासणीला जा तू. ऐकतेस ना? आधी तपासणीला जा."

रिसीव्हर कानाला तसाच होता. मी उठून जवळ गेले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली..." कुंदाने रिसीव्हर हळू खाली ठेवला. "म्हणाली, मला वाटलं मी तुमच्या घरी बोलत होते."

त्यानंतर नालेदीचा फोन आला नाही. कुंदाने नोकरी सोडली. मायकेलने थांबवून पाहिलं. तिला कुणी काढलेलं नव्हतं. ती एका कॉलेजात शिकवू लागली. आमच्याकडे रमीला यायची, पत्ते हातात धरून दुसरीकडे बघत बसायची. अनया, तू तेव्हा दुडूदुडू चालायचीस. तू तिच्या मांडीवर चढून तिचे पत्ते ओढायचीस आणि ती ते तुला देऊन टाकायची.

दोन हजार आठ साली आजोबांची तब्येत खालावली आणि आम्ही पुण्याला परत यायचं ठरवलं. बाबा सामान घेऊन गाडीने पुढे गेला. आजोबांना आगगाडीची हौस, म्हणून आम्ही दोघं प्रिन्स्टन जंक्शनवरून विमानतळाच्या गाडीत बसणार होतो. कुंदाने स्टेशनवर भेटायचं कबूल केलं होतं. दशम्या बांधून आणणार होती.

आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा ती लांबच्या टोकाच्या बाकावर बसलेली दिसली. शेजारी दशम्यांचा डबा. कानाला मोबाइल. मला पाहून तिने हात वर केला, थांबा, एक मिनिट. मी जवळ जाऊन उभी राहिले. ती इंग्रजीत बोलत होती, मध्ये मध्ये नालेदीच्या भाषेतला एखादा शब्द. मला आधी फार आनंद झाला. वाटलं, लागला एकदाचा फोन.

"माझ्या कॉलेजात बर्फ पडायला लागला की मुलं वर्गातून पळतात," ती सांगत होती. "तुझी आई बरी आहे ना?" मग थांबली. "हं. आणि ते केसांचं दुकान काढणार होतीस, त्याचं काय झालं?" पुन्हा थांबली, चांगली थांबली, मान किंचित कलती करून. "गेली होतीस का तपासायला? सरकारी इस्पितळात गर्दी असते, माहीत आहे मला. पण जा. लाजू नको." परत थांबली.

मोबाइलमधून एक बारीक टूं असा आवाज आला, निरोप ठेवायची वेळ संपल्याचा. तिने पुन्हा तोच नंबर लावला. पलीकडे घंटा वाजली, वाजत राहिली, मग ‘निरोप ठेवा’ सांगणारा यंत्रातल्या बाईचा आवाज, आणि कुंदा जिथे थांबली होती तिथून पुढे बोलू लागली.

आमची गाडी आली. मी दशम्यांचा डबा स्वतःच उचलला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने माझा हात धरला, दाबला, पण फोन खाली ठेवला नाही. आजोबांनी दारातून हाक मारली. मी चढले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ती दिसत होती. प्रश्न विचारून झाला होता, आणि ती ओठ मिटून, उत्तराला जागा देऊन बसली होती.